बारा नंबर पडतो तेव्हा

सिनेमा वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. पोस्टरवर पाच मोठे नट होते, त्यातल्या दोघांना तर माझी साताऱ्याची बहीणसुद्धा ओळखते, आणि पाचही जणांच्या वाट्याला मिळून एक धड प्रसंग आला नव्हता. म्हातारा होत चाललेला एक फुटबॉल खेळाडू, त्याचा मरणपंथाला लागलेला कोच, संघाची मालकीण, तिचा रुसलेला भाऊ आणि एक पत्रकार. सगळे आळीपाळीनं खिडकीतून बाहेर बघत बोलायचे. नाव मोठं, लक्षण खोटं. अर्ध्या तासात आमच्या रांगेतल्या वहिनी डुलक्या घ्यायला लागल्या आणि मला त्यांचा मनापासून हेवा वाटला. मला क्षणभरही डोळा मिटायची सोय नव्हती, कारण त्या सिनेमात माझा मुलगा होता.

तो कुठेही दिसणार नव्हता, ही गोष्ट वेगळी. तो पडायचं काम करतो. नटाला मार बसायचा असेल, जिन्यावरून गडगडायचं असेल, तर नटाचे कपडे घालून तो गडगडतो. इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावात, आमच्या ओळखीतल्या घरोघरी मुलं डॉक्टर, वकील किंवा काहीतरी डेटाचं करणारी. आमचा कॉम्प्युटरचं शिक्षण दुसऱ्या वर्षाला सोडून अटलांटाला गेला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी 'फिल्ममध्ये असतो' म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत बटाट्याच्या भाजीकडे वळायचे. पण हा सिनेमा मोठा होता. घरबसल्या टीव्हीवर जाहिराती दिसत होत्या. म्हणून या वेळी मीच फुशारकी मारली, सगळे मिळून बघायला जाऊ म्हणाले. ऐनवेळी बाकीच्यांची कामं निघाली आणि उरलो आम्ही चौघं: मी, माझा नवरा, आणि आमच्याच गल्लीत राहणारे डॉक्टर नि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणते. डॉक्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीस वर्षं इमर्जन्सी रूममध्ये काढून आता निवृत्त. शनिवारी सकाळी साडेदहाचा खेळ होता. एकाच गाडीनं गेलो.

अमेरिकन फुटबॉल मला इतक्या वर्षांत कळलेला नाही. नवरा दर रविवारी बघतो, म्हणून एवढं कळतं की क्वार्टरबॅक नावाचा एक जण चेंडू फेकतो आणि समोरचे आडदांड लोक त्याला आडवं करायला धावतात. सिनेमातला मुख्य नट क्वार्टरबॅक होता, बारा नंबरचा. मुलानं फोनवर मला समजावून सांगितलं होतं. "आई, इट्स सिंपल. बारा नंबर पडतो तेव्हा मी. उठून बोलतो तेव्हा तो."

हे ऐकून त्याचे बाबा खूप हसले होते. मीही हसले. पण थिएटरात अंधार झाला आणि त्या वाक्याचा खरा अर्थ मला कळला. म्हणजे मला अख्खा सिनेमा बारा नंबर कधी पडतो याची वाट बघत बसायचं होतं. नट बोलत असला की मी जरा श्वास घ्यायचे. मैदान दिसलं, हेल्मेट दिसलं, की सावरून बसायचे. हेल्मेटात चेहरा दिसत नाही, पण आईला चाल कळते. लहानपणापासून त्याचा डावा पाय किंचित बाहेर पडतो. चेंडू फेकायला मागे सरकणारा तो पाय दिसला की मी खुर्चीचा हात घट्ट धरायचे.

पहिल्यांदा पडला तेव्हा मी नवऱ्याच्या मनगटावर नखं रोवली. दुसऱ्यांदा तो हवेत कोलांटी खाऊन पाठीवर आला, आणि पुढच्याच क्षणी नट गवतावरून उठून दात काढून हसला. कपाळाला बेताची माती लावलेली. मला त्या माणसाचा इतका राग आला की विचारू नका. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी पडलेला माझा आणि उठलेला परका. मागे बसलेली दोन पोरं संवादांना खो खो हसत होती. त्यांचं चुकत नव्हतं, कोच मरताना फुटबॉललाच उद्देशून भाषण देत होता. एखाद्या बऱ्या दिवशी मीही हसले असते.

मग शेवटचा सामना आला. पाऊस, चिखल, सगळं असतं तसं. शेजारी नवऱ्यानं डोळे मिटल्याचं मला ओझरतं दिसलं. बारा नंबर मागे सरकला, डावा पाय बाहेर पडला आणि बाजूनं एक माणूस आला. तो येताना मला दिसला, माझ्या मुलाला दिसला नसावा. डोकं आधी जमिनीवर आपटलं. आणि तो पडल्यावर त्याचे दोन्ही हात कोपरात वाकून वर आले, बोटं ताठ झाली, आणि ते हात तसेच हवेत राहिले. कुणीतरी काहीतरी धरायला देऊन परत घ्यायला विसरावं तसे. दोन-तीन सेकंदच. मागची पोरं गप्प झाली. थिएटरात कुणीतरी 'ओह' म्हणालं. मग नटाचे निळे डोळे पडदाभर उघडले, व्हायोलिनं सुरू झाली, आणि सिनेमा पुन्हा होता तसा झाला.

बत्तीस वर्षं मी फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी आहे. माणूस दुखण्याचं सोंग करतो तेव्हा कसा दिसतो, हे मला माहीत आहे. त्या सिनेमात तेवढे दोन-तीन सेकंद खरे होते आणि ते खरे होते म्हणूनच त्यांनी ठेवले होते. नवऱ्याकडे बघितलं तर त्याचे डोळे अजून मिटलेलेच. मी म्हटलं, घाबरला असेल.

शेवटी नावं सरकायला लागली. त्याचं नाव पन्नासेक नावांच्या गर्दीत भर्रकन वर गेलं. वहिनी जाग्या होऊन टाळ्या वाजवायला लागल्या. डॉक्टरांनी वाजवल्या नाहीत.

बाहेर नोव्हेंबरचं बोचरं वारं होतं. गाडीत बसलो, नवऱ्यानं इंजिन सुरू केलं, हीटर लावला. तो गाडी बाहेर काढणार इतक्यात मागच्या सीटवरून डॉक्टर म्हणाले की जरा थांब. मग मला म्हणाले, "तो शेवटचा सीन कधी शूट केला, माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी मार्चमध्ये असेल, का?

"ते हात मुद्दाम तसे करता येत नाहीत," ते म्हणाले. "मेंदूला मार बसला की होतात."

वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, म्हणजे गप्प बसा. पण मी त्यांना बोलायला लावलं. एवढे दिवस गेलेत, तो कामावर जातोय, म्हणजे त्या वेळी निभावलं असणार, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. फक्त एकदा दुखावलेलं डोकं पुढच्या वेळी कमी मारानंही दुखावतं, तेव्हा त्यानं आता हे काम करू नये. मी मुलाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज आला, 'ॲट वर्क. ऑल गुड?' शनिवार असूनही शूटिंग होतं. म्हणजे मी इथे बसले होते त्याच वेळी तो तिकडे कुठेतरी पडत होता.

मार्च. मला मार्च आठवायला लागला. चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता, मग चार्जर हरवला होता म्हणाला. त्यानंतर व्हिडिओ कॉल केला तर खोलीत अंधार आणि डोक्यावर हुडी. आणि एकदा त्यानं विचारलं होतं की डोकेदुखीवर अमुक गोळी घेत असताना उलटी थांबायची अमुक गोळी चालते का, रूममेटला मायग्रेन आहे. मी काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सविस्तर सांगितलं होतं, वर रूममेटला भरपूर पाणी प्यायला सांग, असंही म्हणाले होते. रोज पन्नास लोकांना मी विचारते की हे औषध नक्की कुणासाठी आहे. पोटच्या पोराला विचारलं नाही.

हे सगळं मी मोठ्यानं बोलत होते. नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. आणि तेव्हा मला आठवलं की त्यानं डोळे मिटले होते ते मार बसायच्या आधी. कुठला मार येणार आहे हे त्याला ठाऊक होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यानं हीटर कमी केला. मग म्हणाला, हो. एप्रिलमध्ये मुलानं सांगितलं होतं. तीन दिवस हॉस्पिटलात होता, पण आता ठीक आहे, आईला सांगू नका, ती उगाच काळजी करेल. यानं वचन दिलं आणि दीड वर्ष ते पाळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्या जिभेवर आलं होतं की खोटारडा आहेस. पण ते मी गिळलं, कारण आमच्या घरात हे कुणी सुरू केलं ते मला चांगलं माहीत होतं.

मुलगा बारा वर्षांचा असताना नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली. सासूबाई सांगलीला, एकट्या, रक्तदाबाच्या. त्यांना कळता कामा नये, असं मी ठरवलं. आपल्याकडे सगळे हेच करतात. तिकडचे त्यांची आजारपणं आपल्यापासून लपवतात, आपण आपली त्यांच्यापासून, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं आपण प्रेम करतोय. रविवारी त्यांचा फोन यायचा. मी मुलाला शेजारी बसवून शिकवलं होतं: बाबा ऑफिसात आहेत म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही, आणि आजीनं पुढचं विचारायच्या आत आपणच तिला विचारायचं, आजी, तू जेवलीस का. तो इतकं सुरेख बोलायचा की मी त्याला जवळ घेऊन शाबासकी द्यायचे. सासूबाई गेल्या, पण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. पेरलं ते उगवलं. दर रविवारी फोनवर तो मला विचारतो, आई, तू जेवलीस का, आणि मी खूश होऊन पोळी-भाजीचं सांगत बसते.

तेवढ्यात त्याचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर त्याचा आवाज एकदम मोठा झाला. लंच ब्रेक होता. आवाज नेहमीचा, मोकळा. सिनेमा कसा वाटला, बोअर ना, सगळे बोअर म्हणतायत, असं इंग्लिशमध्ये हसत हसत विचारत होता. मी म्हटलं, मार्चमध्ये काय झालं ते मला कळलंय.

"बाबांनी सांगितलं?"

"तुझ्या हातांनी सांगितलं," मी म्हटलं.

मग तो जरा खालच्या आवाजात बोलायला लागला. आय वॉज गोइंग टू टेल यू, नंतर कधीतरी, म्हणाला. त्याला तो दिवस आठवतच नाही. सकाळी बूट बांधल्याचं आठवतं, मग एकदम हॉस्पिटलचं छत. सिनेमा त्यानं बघितलेला नाही. म्हणाला, "तो शॉट दाखवलाय का? द लास्ट वन? मला काय झालं ते मला माहीतच नाही, यू नो."

मी डॉक्टरांकडे वळून बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग. मी सांगितलं. काही गाळलं नाही. तो बाजूनं आलेला माणूस, डोकं आधी लागलं ते, ते हात. सांगताना माझे स्वतःचे हात वर आले होते, वहिनींनी ते मागून धरले. तो ऐकून घेत होता. वॉव, म्हणाला. मग म्हणाला की पण आता आय ॲम फाइन, सीरियसली, सगळं नॉर्मल आहे. बाबा कसे आहेत, तिकडे थंडी पडली का, असं विचारलं. बाबांनी सांगितलं की पडली, दोन दिवसांत बर्फ येईल म्हणतायत.

"तो शॉट दाखवलाय का?" तो म्हणाला. "द लास्ट वन?"

आवाज तोच. शब्दही तेच. मला वाटलं फोनमध्ये काहीतरी बिघडलं असेल, आधीचं वाक्य पुन्हा ऐकू आलं असेल. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टर दोन सीटांच्या मधून पुढे आले आणि अगदी सहज गप्पा मारल्यासारखं त्यांनी विचारलं की काय रे, आज काय काम होतं, पडलास की नाही? तो म्हणाला, हो डॉक्टर काका, लिटल बिट, सकाळी जिन्यावरून, पण मॅट होतं, नथिंग. डोकं दुखतंय? थोडंसं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले: तिथे कुणाला तरी सांग, आत्ता.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. तो दीड हजार किलोमीटर लांब, मला त्याचा एकही सहकारी माहीत नाही, आणि मी काही विचारलं तर तो 'ऑल गुड' म्हणून फोन ठेवून देणार. मग मी तेच केलं जे त्याच्या शाळेपासून करत आले आणि ज्यानं तो नेहमी लाजेनं अर्धा व्हायचा. आवाज अजिबात चढवला नाही. घाई केली नाही. "शेजारी कोण बसलंय रे तुझ्या?" मी म्हटलं. "दे बघू फोन, हॅलो म्हणते."

"आई, प्लीज," तो म्हणाला. पण सवय ती सवय. त्यानं दिला.

एक बाई होती. उत्साहानं 'हाय मॉम' म्हणाली. पडणाऱ्या सगळ्यांवर देखरेख करणारी त्याची वरिष्ठ होती ती, कामावर कुणाला ठेवायचं तेही तीच ठरवायची. मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं की तो एकच प्रश्न दोनदा विचारतोय, सकाळी जिन्यावरून पडलाय, त्याला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या. तिचा आवाज बदलला. तिनं विचारलं की आधी कधी डोक्याला मार बसलाय का, कारण आमच्या फॉर्मवर त्यानं 'नाही' लिहिलंय.

त्यानं ते ऐकलं. मागून त्याचा आवाज आला, आणि त्या बाईला कळू नये म्हणून मराठीत आला. "आई, नको सांगू. माझं काम जाईल. आई, नको ना."

मला कळत होतं मी काय करतेय. एवढं एकच काम त्याला मनापासून आवडलं होतं. ते करताना तो सुखी असायचा, त्याच्या डॉक्टर-वकील मित्रांपेक्षा जास्त, आणि ते मी मंडळात कधी अभिमानानं सांगितलं नव्हतं. मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. मार्च, तीन दिवस हॉस्पिटल, उलट्या, गोळ्यांची नावं, न आठवणारा दिवस. एकेक गोष्ट स्पष्ट, सावकाश. तो मागून 'आई, नको' म्हणत राहिला आणि मी सांगत राहिले.

तिनं त्याला वीस मिनिटांत हॉस्पिटलमध्ये पोचवलं. डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं. ऑपरेशन लागलं नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं पोचलो तेव्हा त्यानं बाबांचा हात धरला आणि माझ्याकडे पाठ केली. आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणतात की अजून काही तास तो सेटवर राहिला असता, दुपारी पुन्हा पडला असता, तर काय झालं असतं ते विचारू नकोस. मी विचारत नाही. फॉर्मवर आता 'हो' आहे आणि ते कायमचं आहे. पडायचं काम त्याला यापुढे कुणी देणार नाही.

याला आता चार महिने होतील. तो माझ्याशी बोलत नाही. बाबांना मात्र रोज संध्याकाळी फोन करतो. फोन आला की मी येऊन शेजारी बसते. नवरा स्पीकर लावतो. मी ऐकतेय हे मुलाला माहीत असतं आणि तरी तो फोन ठेवत नाही. तो काय सांगतोय याकडे माझं फारसं लक्ष नसतं. तेच वाक्य तो पुन्हा तर म्हणत नाही ना, एवढंच मी ऐकत असते.